अंग हालायचं थांबलं तेव्हा: अमळनेर तालुक्यातल्या एका हंटिंग्टन रुग्णाचं औषध-सुरक्षा प्रकरण

हे प्रकरण अमळनेर तालुक्यातल्या एका कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याचं आहे. वय ४८, आजार हंटिंग्टन, आणि आपोआप होणाऱ्या हालचाली कमी करणारी टेट्राबेनाझिनची गोळी अडीच वर्षांपासून चालू. घरच्यांच्या परवानगीने लिहितोय. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. त्यांना इथे आप्पा म्हणू. मी औषधशास्त्राचा माणूस. औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदी घेणं, त्या तपासणं आणि पुढे पाठवणं हे माझं काम. आप्पांना तपासणारे डॉक्टर वेगळे, धुळ्याचे.

आमच्याकडे कागद आला तेव्हा त्यावर एकच ओळ होती: ‘रोग वाढला; औषधाचा संबंध आहे का ते पाहावे.’

आजाराबद्दल थोडं. हंटिंग्टन हा घराण्यात उतरणारा रोग. जॉर्ज हंटिंग्टन या अमेरिकन डॉक्टरने १८७२ मध्ये त्याचं नेमकं वर्णन केलं, आणि त्यामागचा जनुकातला बिघाड १९९३ मध्ये सापडला. चौथ्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात सी-ए-जी ही तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. ती ४० किंवा त्याहून जास्त वेळा आली, तर पुरेसं आयुष्य लाभलेल्या माणसाला हा रोग होतोच. आई-बापांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला होण्याची शक्यता निम्मी. बहुतेकांना तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान सुरुवात होते: हातपाय आपोआप नाचल्यासारखे हलतात, यालाच कोरिआ म्हणतात. सोबत मन आणि बुद्धीही हळूहळू खचत जाते. आप्पांची सी-ए-जीची आवर्तनं ४४ होती.

त्यांच्या वडिलांचंही असंच झालं होतं. गावाने त्याला दारू म्हटलं, काहींनी बाहेरचं म्हटलं. आप्पांची चाल बदलली तेव्हा पुन्हा तीच कुजबुज सुरू झाली. निदान मुंबईला झालं. तिथून परतल्यावर घराने ठरवलं की रोगाचं नाव गावात काढायचं नाही, कारण मुलीचं लग्न व्हायचं होतं. या निर्णयाला नावं ठेवायला मी धजणार नाही. पण पुढचं सगळं समजून घ्यायचं तर तो ध्यानात ठेवावा लागतो. गावातल्या मेडिकलवाल्याला आप्पांचा आजार माहीत नव्हता, नेहमीच्या डॉक्टरला माहीत नव्हता, मेव्हण्यालाही नव्हता. टेट्राबेनाझिन धुळ्याहून यायचं आणि कपड्यांच्या कपाटात राहायचं.

आता औषधाकडे. मेंदूतल्या पेशी डोपामिन हे निरोप पोचवणारं रसायन तयार करतात आणि बारीक पिशव्यांत भरून ठेवतात. वेचलेला कापूस गाठोड्यात दाबून भरावा तसं. भरण्याचं काम करणाऱ्या प्रथिनाचं नाव व्हीमॅट-२. टेट्राबेनाझिन या प्रथिनाला अडवतं. भरणा कमी, म्हणून सुटणारं डोपामिन कमी, म्हणून हालचाल कमी. हे औषध १९५० च्या दशकातलं आहे. अमेरिकेत हंटिंग्टनच्या कोरिआसाठी त्याला मंजुरी मिळाली ती मात्र २००८ मध्ये, आणि तीही नैराश्य व आत्महत्येच्या विचारांबद्दल चौकटीतला इशारा छापून.

तो इशारा कशावर उभा आहे, हे पाहण्यासारखं आहे. ज्या मुख्य चाचणीवर मंजुरी मिळाली तिचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. त्यात ८४ रुग्ण होते: ५४ जणांना औषध, ३० जणांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. मुदत १२ आठवडे. औषध घेणाऱ्यांपैकी एकाने आत्महत्या केली. एक मृत्यू, ५४ जणांत. तो औषधामुळे की रोगामुळे, हे एका घटनेवरून कोण सांगणार? हंटिंग्टनमध्ये औषधाविनाही आत्महत्येचा धोका जास्तच असतो. उलट बाजूचा हिशेबही तितकाच अवघड. एखादा दुष्परिणाम ५४ जणांत एकदाही दिसला नाही, तरी त्याचं खरं प्रमाण १८ जणांत एक इतकं असू शकतं. संख्याशास्त्रातला साधा नियम आहे: शून्य घटना दिसल्या तर तिनाला रुग्णसंख्येने भागायचं, येईल ती वरची मर्यादा. शंभरात एकापेक्षा कमी असं छातीठोक म्हणायचं तर ३०० जणांत एकही घटना दिसता कामा नये. दुर्मीळ रोगात ३०० रुग्ण एका औषधावर वर्षानुवर्षं जमवणं म्हणजे काय, ते ज्यांनी जमवलंय त्यांनाच ठाऊक.

त्याच चाचणीतले ७५ जण पुढे ८० आठवड्यांच्या खुल्या अभ्यासात गेले. खुल्या, म्हणजे सगळ्यांना औषध, तुलनेला कोणी नाही. शेवटपर्यंत ४५ टिकले. बाकीचे ३० का गेले, हा माझ्या मते त्या अभ्यासातला सर्वांत मोलाचा भाग, कारण औषध सोसलं नाही ते आधी बाहेर पडतात आणि ज्यांना मानवलं ते आकड्यांत उरतात. आणि ८० आठवडे म्हणजे दीड वर्ष. रोग पंधरा-वीस वर्षं चालतो. पुढे २०१७ मध्ये ड्यूटेट्राबेनाझिन आणि २०२३ मध्ये व्हॅल्बेनाझिन कोरिआसाठी मंजूर झालं. त्यांच्याही मुख्य चाचण्या शंभराच्या आसपास रुग्णांच्याच होत्या, आणि त्यांच्याही मागे लांबणारे खुले अभ्यास आहेत. अडचण तीच: तुलनेला गट नसताना वर्षाकाठी रोग पुढे सरकतो, औषधही चालू असतं, आणि माणूस मंदावला तर बिल कोणाच्या नावावर फाडायचं?

आप्पांच्या कागदावर नेमका हाच प्रश्न होता.

गोळी सुरू करण्याआधी त्यांचा कोरिआ २८ पैकी १६ गुणांचा होता. शरीराचे सात भाग, प्रत्येकाला शून्य ते चार, अशी ती मोजणी. साडेबारा मिलिग्रॅमपासून सुरुवात करून आठवड्या-आठवड्याने वाढवत मात्रा ५० वर नेली. सकाळी २५, संध्याकाळी २५. गुण ९ वर आले आणि दोन वर्षं तिथेच राहिले. आप्पा स्वतः जेवत, शेतात जात, बैलगाडीवर बसत. नोव्हेंबरात ते धुळ्याला आले तेव्हा गुण ३ होते. नुसता आकडा वाचणाऱ्याला वाटावं, औषध कधी नव्हे इतकं लागू पडलंय. खरं तर आप्पा खुर्चीत ओठंगून बसले होते, चेहऱ्यावर भाव नव्हता, तोंड उघडं, लाळ गळत होती. प्रश्न विचारला की उत्तराला वेळ लागायचा, मग एखादा शब्द. वरणात कुस्करलेली बट्टीसुद्धा घशात अडकायची, म्हणून पंधरा दिवस पातळ खिचडीवर होते.

“आते नुस्ता बशी ऱ्हास, जेवाले उठाडनं पडस,” वहिनी, म्हणजे आप्पांच्या पत्नी, म्हणाल्या.

या अवस्थेला तीन स्पष्टीकरणं होती. पहिलं, रोग. हंटिंग्टन पुढे गेला की कोरिआ ओसरून त्या जागी ताठरपणा आणि मंदपणा येऊ शकतो. नैराश्य तर कोणत्याही टप्प्यावर. दुसरं, टेट्राबेनाझिन जास्त होणं. डोपामिन फार कमी झालं की पार्किन्सनसारखं चित्र उभं राहतं. हे औषध यकृतात मोडायला सीवायपी-२डी-६ या विकरावर अवलंबून असतं. ते विकर जन्मतःच मंद असेल, किंवा फ्लुओक्सेटिन वा पॅरोक्सेटिनसारख्या नैराश्यावरच्या गोळीने दबलं असेल, तर तीच मात्रा अंगात जास्त साठते. म्हणूनच ५० च्या वर जायचं तर आधी या विकराच्या जनुकाची तपासणी सांगितली जाते. पण आप्पांची मात्रा बदललेली नव्हती आणि नैराश्याची कोणतीही गोळी चालू नव्हती. तिसरं, आणखी काहीतरी.

डॉक्टरांनी बसवून रक्तदाब घेतला: १०४/६८. उभं करून घेतला: ८२/५४. नाडी ५२. शिवाय आप्पा सारखे तोंडाने श्वास घेत होते. सर्दी नव्हती, ताप नव्हता, पण नाक दीड महिन्यापासून चोंदलेलं. ताठरपणा, गप्पपणा, गिळायचा त्रास हे सगळं रोगाच्या खात्यावर टाकता आलं असतं. चोंदलेलं नाक टाकता येत नव्हतं. रोगाला जे समजावता येत नाही त्यावर बोट ठेवायचं, ही या क्षेत्रातली सर्वांत उपयोगी सवय. आणि ती सवय त्या डॉक्टरांना होती.

औषधांची यादी आधीच विचारून झाली होती. वहिनींनी टेट्राबेनाझिनची पट्टी दाखवली आणि म्हणाल्या, “गोया चालूच शेतस.” दुसरं काही नाही, असंच त्यांचं म्हणणं. मग प्रश्न फिरवला: झोप लागते का? लागायची नाही, पण आता लागते. कशाने? त्यावर पिशवीतून तपकिरी प्लास्टिकची डबी निघाली. सर्पगंधा घनवटी. लेबलावर सर्पगंधेबरोबर खुरासानी ओवा, जटामांसी आणि पिंपळमूळ.

“ते काय औषध शे का? झोपनी गोयी शे ती.”

ती मेव्हण्याने दिली होती. त्याला बीपी आहे, तो स्वतः तीच घेतो आणि त्याला गुण येतो. आप्पांना झोप नाही म्हटल्यावर त्याने आपल्या डबीतून काढून दिली. त्याला आप्पांच्या आजाराचं नाव माहीत असतं तरी त्याने दिलीच असती. पण मेडिकलवाल्याला माहीत असतं तर कदाचित त्याने हटकलं असतं.

सर्पगंधा हे काही भोंदू औषध नाही. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये उच्च रक्तदाबावरच्या तिच्या परिणामाचा निबंध ब्रिटिश नियतकालिकात छापला आणि जगाचं लक्ष या मुळीकडे गेलं. तिच्यातलं रेसरपिन हे द्रव्य १९५२ मध्ये वेगळं काढण्यात आलं. रेसरपिन काय करतं? व्हीमॅट अडवतं. टेट्राबेनाझिन ज्या दारावर बसतं त्याच दारावर. फरक दोन. टेट्राबेनाझिन मुख्यतः व्हीमॅट-२ पुरतं राहतं आणि सुटतं. रेसरपिन व्हीमॅट-१ आणि २ दोन्ही धरतं आणि सोडत नाही, नव्या पिशव्या तयार होईपर्यंत परिणाम राहतो. म्हणून रक्तदाब पडतो, नाडी मंदावते, आणि नाक चोंदतं; रेसरपिनचा हा जुना, पुस्तकी दुष्परिणाम आहे. दोन्ही औषधं एकत्र देऊ नयेत, आणि रेसरपिन बंद केल्यावर टेट्राबेनाझिन सुरू करायला निदान २० दिवस थांबावं, असं टेट्राबेनाझिनच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं असतं. डबीवर मात्र ‘रेसरपिन’ हा शब्द नव्हता. तो असायचं कारणही नव्हतं. तिथे वनस्पतीचं नाव होतं, आणि ते बरोबर होतं.

एवढ्यावर निष्कर्ष काढणं घाईचं झालं असतं. आधी क्रम हवा होता. वहिनींना तारखा आठवत नव्हत्या; सण आठवत होते. म्हणून कागदाच्या एका बाजूला सण लिहिले आणि दुसऱ्या बाजूला आप्पा. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आप्पा पारावर पत्ते खेळले. पानं हातातून निसटायची, पण डाव चुकत नव्हता. श्रावणात कानबाईच्या वेळी विसर्जनापर्यंत चालत गेले. पोळ्याच्या आधी झोप उडाली आणि मेव्हण्याची गोळी सुरू झाली, रात्री एक. बैल धाकट्या भावाने मिरवले, कारण आप्पांना दिवसा सुस्ती होती. नवरात्रात नाक चोंदलं. त्याच सुमाराला एकाच्या दोन गोळ्या झाल्या, कारण एकीने झोप पुरत नव्हती. दिवाळीत पाडव्याच्या सकाळी अंघोळीला उठताना डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडले. कापूस वेचणी सुरू झाली तेव्हा बोलणं जवळजवळ बंद. पंचांग उघडून या सणांच्या तारखा लावल्या. दोन वर्षं स्थिर असलेला माणूस नवी गोळी सुरू झाल्यावर साधारण महिन्याभराने घसरू लागला आणि ती दुप्पट झाल्यावर वेगाने घसरला. रोग सहसा असा पोळ्याचा मुहूर्त धरून वाढत नाही.

डॉक्टरांनी वहिनींना बाहेर बसवून आप्पांशी एकट्याने बोलून घेतलं. मरण आलं तर बरं, असं रोज वाटतं म्हणाले. काही ठरवलंय का, या प्रश्नाला मान हलवून नाही म्हणाले, पण जरा उशिराने. हे प्रकरण अभ्यासाचं झालं ते पुढे. त्या दिवसाचं काम वेगळं होतं. मानसोपचारतज्ज्ञांना त्याच दुपारी दाखवलं. फवारणीची औषधं घराच्या पडवीतच होती, कापसाच्या घरात असतात तशी. धाकट्या भावाला फोन करून ती त्याच्या घरी कुलपात ठेवायला सांगितली आणि झाल्याचा फोन येईपर्यंत आप्पांना दवाखान्यातच बसवून ठेवलं. वहिनींना टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक लिहून दिला. माझ्या मते या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची औषध-सुरक्षा ती कुलपाचीच.

मग दोन्ही गोळ्या थांबवल्या. इथे एक गोष्ट आपोआप तपासली गेली. टेट्राबेनाझिन एकटंच अंगात असेल तर शेवटच्या मात्रेनंतर १२ ते १८ तासांत कोरिआ परत दिसू लागतो. आप्पांचा आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, चौथ्या दिवशी नाही. आठवड्याने नाक मोकळं झालं, उभ्याने रक्तदाब शंभराच्या वर आला. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी बोटं हलू लागली. तिसऱ्या आठवड्यात गुण १४ वर गेले, आणि आप्पा धाकट्या भावाला कापसाचा भाव विचारू लागले. वहिनींना हालणं परत आल्याची भीती वाटली आणि बोलणं परत आल्याचा आनंदही झाला; दोन्ही त्यांनी एकाच फोनवर सांगितलं.

तीन आठवडे पूर्ण उलटल्यावर टेट्राबेनाझिन पुन्हा साडेबारापासून सुरू केलं. पाचपेक्षा जास्त दिवस खंड पडला की जुन्या मात्रेवर थेट जायचं नसतं. ३७.५ वर थांबलो; गुण ८. झोप आणि मन या दोन्हीसाठी मानसोपचारतज्ज्ञांनी मिर्टाझापिन थोड्या मात्रेत दिलं. ते निवडायचं एक कारण असं की ते सीवायपी-२डी-६ ला फारसं दाबत नाही.

कारणसंबंधाची प्रतवारी करताना आमच्यात मतभेद झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीत ‘निश्चित’, ‘बहुधा’, ‘शक्य’ अशा पायऱ्या आहेत. ताठरपणा, रक्तदाब आणि नाक यांना मी ‘बहुधा’ दिलं: क्रम जुळतो, यंत्रणा माहीत आहे, थांबवल्यावर ओसरलं, आणि कोरिआ परतायला लागलेला उशीर टेट्राबेनाझिन एकट्याने समजत नाही. ‘निश्चित’ नाही, कारण डबीतल्या गोळीत रेसरपिन किती होतं ते मोजलेलं नाही. मुळीतलं रेसरपिनसारख्या अल्कलॉइडांचं प्रमाण एका मालापासून दुसऱ्या मालापर्यंत बदलतं, आणि खुरासानी ओवाही गुंगी आणतो. नैराश्याला मी ‘शक्य’च्या वर नेलं नाही. सहकाऱ्यांना तेही ‘बहुधा’ हवं होतं. पण हंटिंग्टनमध्ये नैराश्य आपलं आपणही येतं, टेट्राबेनाझिनने येतं, आणि रेसरपिनने येतं हा जुना पक्का समज आता तितका पक्का मानला जात नाही. तिघं संशयित असताना एकालाच धरणं मला पटलं नाही.

नोंद दोन ठिकाणी गेली. टेट्राबेनाझिनची भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाकडे. २०१० मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमाचं केंद्र गाझियाबादला भारतीय औषधकोश आयोगात आहे. सर्पगंधेची आयुष मंत्रालयाच्या वेगळ्या औषधदक्षता यंत्रणेकडे. एक माणूस, एक घटना, दोन कागद. पहिल्या फॉर्ममध्ये सोबतच्या औषधांचा रकाना आहे आणि त्यात स्वतःहून घेतलेली औषधं व जडीबुटीही लिहा असं छापलेलं आहे. माझ्या पाहण्यात तो रकाना बहुतेक वेळा कोरा येतो. म्हणून दोन्ही कागदांत दुसऱ्याचा उल्लेख ठळक केला, नाहीतर पुढे कोणी आकडे काढील तेव्हा एका ढिगात ‘पार्किन्सनसारखी लक्षणं’ पडतील, दुसऱ्यात ‘रक्तदाब कमी’, आणि दोघांची गाठ पडायची नाही.

परदेशातल्या लांब मुदतीच्या अभ्यासांनी हे आपल्याला सांगितलं नसतं. तिथे रेसरपिन घेणाऱ्याला प्रवेशच नसतो, आणि तसं असणं योग्यही आहे. मेव्हण्याची डबी, फवारणीची बाटली आणि लग्नासाठी लपवलेला आजार एकाच घरात असतात, हे इथल्याच नोंदींतून कळणार.

आमच्या प्रश्नावलीत त्यानंतर बदल केला. ‘कोणती औषधं घेता?’ हा प्रश्न शेवटी गेला. आधी विचारतो: झोपेसाठी काय घेता, बीपीसाठी काय, पोट साफ व्हायला काय, ताकदीसाठी काय, सांधे दुखले तर काय, आणि घरातली प्रत्येक डबी, पुडी, बाटली पिशवीत घालून आणायला सांगतो. कोरिआच्या गुणांशेजारी चालणं, गिळणं आणि मन यांचे रकाने घातले. गुण एकदम चारपेक्षा जास्त उतरले तर अभिनंदन न करता पुन्हा तपासायचं, अशी टीप डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने त्यावर लिहिली आहे. आप्पांचा बसून आणि उभ्याने रक्तदाब आता गावातल्या आशाताई महिन्याला घेतात. रोगाचं नाव त्यांनाही सांगितलेलं नाही. गोळीचं नाव सांगितलंय, आणि सोबत काय चालत नाही तेही. वहिनी एवढ्यापर्यंत तयार झाल्या.